तपासायला नेलं भाच्याला

माझी धाकटी बहीण घाबरली की फोन करत नाही, थेट येऊन उभी राहते. त्या दुपारी ती आली तेव्हा तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात नवऱ्याची. कडेवर मुलगा, हातात मोबाइल, केस तसेच ओले. आम्ही दोघी भाईंदर पूर्वेला नवघरमध्येच राहतो. तिची बिल्डिंग आणि माझी बिल्डिंग यांच्यामध्ये एक गल्ली आणि एक डेअरी, एवढंच अंतर.

"ताई, हे बघ." तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "यातलं एकूण एक लक्षण आपल्या बाबूत आहे."

मोबाइलवर एक बाई हसतमुखाने सांगत होती : तुमचं मूल टाचा उचलून चालतं का? गाड्या एका रांगेत लावतं का? हाक मारली तरी वळून बघत नाही का? दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही का? मग सावध व्हा, हा ऑटिझम असू शकतो. शेवटी टाळ्यांचा आवाज आणि उडणारं एक फुलपाखरू.

तेवढ्यात बाबू कडेवरून घसरून खाली उतरला आणि टाचा उचलून माझ्या स्वयंपाकघराकडे पळाला. बहिणीने दोनदा हाक मारली. तो वळला नाही. ट्रॉली उघडल्याचा, मग कुकरचं झाकण लादीवर पडल्याचा आवाज आला.

"बघितलंस?" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

माझी मुलगी त्या वेळी खिडकीत बसली होती. ती बाबूपेक्षा जरा मोठी, अडीच वर्षांची. खाली रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणं हा तिचा आवडता उद्योग. "एम एच झिरो फोर," ती आपल्याशीच म्हणायची. मग पुढचे आकडे. इंग्रजी अक्षरं तिला कोणी शिकवली होती ते देव जाणे, पण सगळी येत होती. टीव्हीवरची साबणाची जाहिरात ती अक्षरशः त्या बाईच्या आवाजात म्हणून दाखवायची. जिथे बसवाल तिथे बसायची. ना हट्ट, ना पसारा. समोरच्या गुजराती काकी जाता-येता म्हणायच्या, "बहु डाही छोकरी है आपकी," म्हणजे फार शहाणी, आणि मी आपली फुलून जायची.

"तुझं बरं आहे, ताई," बहीण डोळे पुसत म्हणाली. "तुला हे टेन्शनच नाही."

माझ्या सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. त्या रत्नागिरीकडच्या, आणि घाबरणं त्यांच्या स्वभावातच नाही. "अगो, मुलगे बोलतात उशिरा. माझा झील चार वर्षांचा होईस्तोवर तोंड उघडत नव्हता. आज बघ कसा..." इथे त्या थांबल्या, कारण त्यांचा झील, म्हणजे माझा नवरा, आजही फारसं तोंड उघडत नाही.

बहिणीला हसू आलं नाही, पण मला आलं. आणि हसता हसता माझ्या अंगात वारं शिरलं. मला कुणी एखादं काम दिलं की असंच होतं. मग ते काम कपाट आवरण्याचं असो नाहीतर कुणाचं लग्न जमवण्याचं. मी म्हटलं, "मोबाइल बाजूला ठेव. आपण डॉक्टरकडे जाऊ. सर्दीखोकल्याच्या नाही, मुलांच्या वाढीच्या डॉक्टरकडे. एकदा नीट विचारून टाकू."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मीरा रोडच्या एका बाईंकडे पाठवलं. जायच्या दिवशी सासूबाईंचं भजन होतं, म्हणून मुलीलाही बरोबर घेतलं. रिक्षात बाबूने ड्रायव्हरचा कान ओढला, खिडकीबाहेर अर्धं अंग काढलं आणि बहिणीच्या ओढणीत बिस्किट चिरडलं. माझी मुलगी मीटरवरचे बदलणारे आकडे बघत एका जागी बसून होती. बहीण एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा हिच्याकडे. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं.

डॉक्टरांची खोली बघून मला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकून नर्सरीत आलो. टेबल कोपऱ्यात ढकललेलं, खाली गुबगुबीत चटई, आणि डॉक्टरबाई पायमोजे घालून चटईवर मांडी ठोकून बसलेल्या.

"या, खाली बसू," त्या म्हणाल्या. "आज मी बरंचसं खेळणारच आहे. तुम्ही मध्ये पडू नका, म्हणजे झालं."

त्यांनी चावीचा बेडूक सोडला. तो टुणटुण उड्या मारत गेला आणि थांबला. बाबूने तो उचलला, हलवला, चावी चावून बघितली. मग डॉक्टरांकडे आला, बेडूक त्यांच्या हातात कोंबला आणि मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"हे बघितलंत?" डॉक्टर बहिणीला म्हणाल्या. "बेडूक माझ्या हातात दिला, पण बघितलं माझ्या डोळ्यांकडे. म्हणजे याला कळतंय की इथे एक माणूस आहे, त्याला सांगितलं तर काम होईल."

मग बाबू खुर्चीवर चढला. वर पोचल्यावर त्याने आईकडे बघितलं, ती ओरडते का ते. ती ओरडली नाही, म्हणून स्वतःच बोट नाचवत "नो नो नो" केलं आणि खदखदून हसला. एसीचा हिरवा दिवा लागला तेव्हा दिव्याकडे बोट, आईकडे नजर, पुन्हा दिव्याकडे. खेळण्यातला फोन कानाला लावून "अलो" म्हटलं आणि तो आईच्या कानाला लावला. मी तर प्रेक्षकासारखी रंगून गेले होते. रोज डोळ्यांसमोर असलेलं मूल, आणि त्याच्या एवढ्याशा मान वळवण्यात इतकं काही भरलेलं असतं, हे मला कधी दिसलंच नव्हतं!

"पण मॅडम, टाचा?" बहिणीने विचारलं. "गाड्यांची रांग? हाक मारली की बघतच नाही तो."

डॉक्टरांनी पर्समधून चॉकलेटचा कागद काढून हळूच चुरगळला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेला बाबू गर्रकन वळला.

"सोयीने ऐकतो," त्या म्हणाल्या. "तरी कानांची तपासणी करून घ्या, ती उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची करायची असते. बोलण्यात तो मागे आहे, ते खरं. त्यावर काम करू. पण एकेक गोष्ट सुटी काढलीत तर जगातलं कुठलंही मूल त्या व्हिडिओत बसेल. टाचांवर कितीतरी मुलं चालतात. हट्ट करत नाही असं दोन वर्षांचं मूल मी बघितलेलं नाही. मी काय बघते, सांगू? त्याला आनंद झाला की तो कुणाकडे धावतो. घाबरला की कुणाकडे बघतो. शब्द नाहीत, मग हातवारे आहेत का, तोंड वेडंवाकडं करून तरी सांगतो का. याचं सगळं अंग बोलतंय. फक्त तोंड मागे राहिलंय."

बहिणीने हुंदका दिला आणि त्याच श्वासात ती हसली. मी तिच्या पाठीवर थाप मारली. काम फत्ते! माझ्या डोक्यात घरी जाताना कोणत्या दुकानात पाणीपुरी खायची तेही ठरलं होतं.

निघता निघता डॉक्टरांनी साबणाचे फुगे उडवले. बाबू किंचाळत त्यांच्यामागे धावला. एक फोडला की आईकडे बघायचा, दुसरा फोडला की माझ्याकडे. माझी मुलगीही उठून उभी राहिली. तिचा चेहरा उजळला होता, हात पंखांसारखे फडफडत होते. फुग्यांमधून जाणारा उजेड ती मान तिरकी करून बघत होती. फुगे संपले. डॉक्टर बाटली बंद करून गप्प बसून राहिल्या. बाबूने बाटली ओढली, "दे! दे!" केलं. माझी मुलगी हवेत जिथे शेवटचा फुगा होता तिथेच बघत राहिली. कुणाकडे वळली नाही.

डॉक्टरांनी तिला नावाने हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली.

"ती ना फार शांत आहे," मी घाईघाईने सांगितलं. "पण हुशार आहे हां. एबीसीडी सगळी येते. आकडे वाचते."

"हो, मघाशी म्हणत होती, ऐकलं मी. फार गोड म्हणते." डॉक्टर माझ्याकडे सरकून बसल्या. "एक विचारू? ती तुम्हाला कधी काही आणून दाखवते का? पाहिजे म्हणून नाही. नुसतं दाखवायला. आई, हे बघ, असं."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. जिभेवर उदाहरण असणारच होतं. अडीच वर्षं चोवीस तास जिच्यासोबत काढली, तिचं एक तरी उदाहरण. मी शोधत राहिले, एकही सापडलं नाही.

"पाणी कसं मागते?"

"माझा हात धरते आणि बाटलीवर नेऊन ठेवते. नाहीतर म्हणते, 'तुला पाणी पाहिजे?' म्हणजे मी तिला जसं विचारते ना, तसंच. गंमत वाटते आम्हाला."

डॉक्टरांनी मान हलवली. "मी आज काहीही ठरवत नाहीये. एका भेटीत हे ठरतही नाही. पण मला हिला परत भेटायचंय. चालेल?"

परतताना रिक्षात बहीण मला चिकटून बसली. तिने माझा हात धरून ठेवला होता. आणि मी? खरं सांगते, गोल्डन नेस्टचा सिग्नल येईपर्यंत मला समोरचं काही दिसत नव्हतं. पण सिग्नलला गाडी थांबली, मुलीने शेजारच्या टेम्पोची नंबरप्लेट खणखणीत आवाजात वाचली, आणि माझ्या मनात विचार आला : ही वाचते, पण मला वाचून दाखवत नाही. असं का? भीती होतीच, पण आता तिच्यावर हा प्रश्न चढून बसला. असं का? मला ते जाणून घ्यायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

घरी आल्यावर मी प्रयोगच सुरू केले. पंख्याकडे बोट करून म्हटलं, "ते बघ!" मुलीने माझ्या बोटाच्या टोकाकडे बघितलं. बाबूने पंख्याकडे. मी मुद्दाम दाराला बोट लागल्यासारखं करून ओरडले, "आई गं!" बाबू खेळ टाकून आला, माझं बोट ओढून त्यावर थुंकी उडवत फुंकर घातली. मुलगी रंगीत ठोकळे उंचीप्रमाणे लावत राहिली. तिला माझ्या दुखण्याची पर्वा नव्हती असं नाही. ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. एकाच चटईवर दोन मुलं. ज्याच्यासाठी आम्ही रडलो तो सगळ्यांशी जोडलेला होता. जिचं कौतुक केलं तिची शांतता वेगळीच होती.

पुढच्या भेटींमध्ये डॉक्टरांनी तिच्याशी खेळून, आम्हाला पुष्कळ प्रश्न विचारून, कान तपासून घेऊन मग सांगितलं की हा ऑटिझम आहे. त्या दिवशी नवराही सोबत होता. तो काशीमीराला एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम बघतो. ट्रकवाल्यांशी दिवसभर ओरडून येतो आणि घरी आल्यावर अगदी मोजकं बोलतो. त्याने डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले.

"तिला काय शिकवायचं?"

आणि जरा थांबून, "आम्ही काय शिकायचं?"

डॉक्टर म्हणाल्या, "दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू."

सासूबाई मात्र भडकल्या. "एवढी हुशार पोर! सगळे आकडे वाचते आणि म्हणे आजार!"

"आजार नाही, आई," नवरा म्हणाला. "तिचं डोकं वेगळ्या रीतीनं चालतं. ती रीत आपल्याला शिकायची आहे."

घरात त्याने एका दमात एवढं बोलणं ही मोठीच गोष्ट होती.  सासूबाई पदर खोचत म्हणाल्या, "बरं. मग मला काय करायचं ते सांगा. नुसतं बसवून ठेवू नका."

त्यांना फुगे उडवायचं काम मिळालं, आणि काय उडवायच्या म्हणून सांगू! गावाला अर्धा जन्म चुलीवर फुंकणी फुंकण्यात गेलेला, छाती लोहाराच्या भात्यासारखी. मीरा रोडच्या थेरपीच्या ताईंनी सांगितलं होतं, फुगे उडवायचे आणि मध्येच थांबायचं. काही बोलायचं नाही. तिने काहीतरी करेपर्यंत वाट बघायची. हात लावला, आवाज काढला, नजर टाकली, काहीही चालेल. सासूबाईंना बोलल्याशिवाय वाट बघणं म्हणजे शिक्षा. त्या गाल फुगवून, डोळे वटारून बसायच्या. मी दाराआडून बघत पोट धरून हसायची.

मला सांगितलं होतं ते वेगळंच. "तिला तुमच्या खेळात ओढू नका. तुम्ही तिच्या खेळात जा." म्हणून मी खिडकीत जाऊन तिच्या शेजारी पालथी पडले. खाली रस्ता, वर आम्ही दोघी. ती म्हणाली, "एम एच झिरो फोर." मीही म्हटलं, "एम एच झिरो फोर." पहिले काही दिवस मी तिथे असून नसल्यासारखीच होते. पण मला तो खेळ आवडायला लागला. कुठली गाडी गुजरातची, कुठली राजस्थानची, ते मी रस्त्याने चालतानाही बघायला लागले. बहीण म्हणायची, ताई, तुला वेड लागलंय.

आणि एक दिवस मला काय सुचलं कोण जाणे. पांढरा टेम्पो आला. माझी मुलगी म्हणाली, "एम एच झिरो फोर." मी अगदी शांतपणे म्हटलं, "एम एच झिरो नाइन."

ती थांबली. तिची मान वळली आणि तिने माझ्याकडे बघितलं. तिरकं नाही, पुसट नाही. सरळ माझ्या डोळ्यांत, कपाळावर आठी घालून, एखाद्या मास्तरणीने मठ्ठ पोराकडे बघावं तसं.

"झिरो फोर!"

 पुढची रिक्षा आली. मी म्हटलं, "झिरो सेव्हन."

"झिरो फोर!" तिने माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरून रस्त्याकडे वळवली. आणि मग, मी शपथेवर सांगते, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. तिला कळलं होतं की मी मुद्दाम करतेय. आम्ही दोघी मिळून एका गमतीत होतो!

मी "आई, आई, लवकर या!" असं ओरडत सुटले. सासूबाई हातातलं लाटणं घेऊन आल्या, त्यांना वाटलं पोर खिडकीतून पडली. त्या दिवशीची पोळी करपली आणि सगळ्यांनी ती आनंदाने खाल्ली.

त्यानंतर आम्हाला चटकच लागली. रोज काहीतरी उमगायचं. मिक्सर लावायच्या आधी तिला दाखवून "आता आवाज होणार" सांगितलं तर ती कानांवर हात ठेवते, पण पळून जात नाही. "तुला पाणी पाहिजे?" असं ती म्हणाली की आपण तिच्या जागी बसून म्हणायचं, "मला पाणी पाहिजे." तिची शिवण टोचणारी चड्डी उलटी घातली की सकाळची रडारड संपते. इतके दिवस मला जी तिची तऱ्हा वाटायची, तिला कारण असायचं. ते सापडलं की इतका आनंद व्हायचा, की मी भाजीवालीलाही धरून सांगायची. सगळे दिवस असे नव्हते. लग्नाच्या एका हॉलमध्ये बँड सुरू झाला तेव्हा ती जमिनीवर आडवी झाली, आणि लोक आमच्याकडे कसे बघत होते ते मी विसरणार नाही. पण बहिणीने तिथल्या तिथे ओढणी पसरून आडोसा केला आणि बघणाऱ्यांना बजावलं, "काय बघताय? आवाज कमी करायला सांगा त्यांना." घाबरट म्हणून घरात जिची ख्याती, ती ही!

मुलगी सव्वातीन वर्षांची असताना घडलं ते मात्र मी आजही जसंच्या तसं सांगू शकते.

शनिवारी नवऱ्याची सुट्टी लवकर व्हायची. मी मुलीला घेऊन काशीमीराला जायची, कारण तिच्यासाठी तो नाका म्हणजे जत्रा. ट्रक, टँकर, कंटेनर, आणि जगभरचे नंबर. सोबत बहीण आणि बाबूही यायचे. त्या दुपारी हायवेच्या कडेला एक ट्रेलर उभा होता. आम्ही लांबून बघितला तेव्हा मला कळेचना काय आहे ते. पुढे इंजिन दिसत होतं, पण मागचं टोक कुठे संपतं ते दिसत नव्हतं. त्यावर पांढरंशुभ्र, वळणदार, एखाद्या राक्षसी माशाच्या परासारखं काहीतरी ठेवलं होतं. पवनचक्कीचं पातं! संध्याकाळपर्यंत मोठ्या गाड्यांना बंदी, म्हणून ते तिथे थांबलं होतं.

मुलीचा हात माझ्या हातात होता. तो एकदम ताठ झाला. मग तिने तो सोडवून घेतला. मला वाटलं आता ही रस्त्यात पळणार, म्हणून मी खाली वाकून तिला धरायला गेले.

ती पळाली नाही. तिचा उजवा हात वर आला. चार बोटं मिटली, एक उघडं राहिलं. ते तिने त्या पात्याकडे रोखलं. माझा हात धरून नाही, स्वतःचं बोट. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग पात्याकडे. पुन्हा माझ्याकडे.

"बघ," ती म्हणाली.

तिला ते नको होतं. एवढं मोठं पातं कुणाला पाहिजे असतं? तिने फक्त एक भन्नाट गोष्ट बघितली होती आणि ती मीही बघावी असं तिला वाटलं होतं. मला! अख्ख्या हायवेवर तिला ती मला दाखवायची होती!

"बघितलं!" मी ओरडले. "बघितलं गं बाय, बघितलं!"

बहीण धावत आली. "काय झालं? ताई, काय झालं?" मी नुसती मुलीच्या बोटाकडे बोट करत होते. बहिणीने बघितलं आणि ती मला धरून तिथेच, धुळीत, नाचायला लागली. बाबूला काहीच कळलं नाही, पण सगळे नाचतायत म्हटल्यावर तोही नाचायला लागला. तोवर तो पुष्कळ बोलायला लागला होता आणि "मोठं! मोठं! मोठं!" असं बेंबीच्या देठापासून ओरडत होता. ट्रेलरचा ड्रायव्हर सावलीत बसून जेवत होता. तो घाबरून उठला. "क्या हुआ, मैडम? बच्ची को लगा क्या?"

"नहीं भैया," मी म्हटलं. रडत होते की हसत होते कुणास ठाऊक. "उसने दिखाया. मेरे को दिखाया!"

त्याला काय समजलं असेल देव जाणे. पण त्याने हात धुतले आणि म्हणाला, "तो पास से दिखाओ ना. गाड़ी शाम तक यहीं है." त्याने मुलीला पात्याला हात लावू दिला. तिने तळहात टेकवला, गाल टेकवला, आणि पुन्हा वळून माझ्याकडे बघितलं, मी बघतेय ना याची खात्री करायला. मी कशी बघणार नाही!

नवरा गोदामातून येताना आम्हाला असं बघून धावतच आला. मी त्याला धापा टाकत सगळं सांगितलं. तो गुडघ्यावर बसला आणि मुलीला विचारलं, "मला दाखव?"

तिने त्यालाही दाखवलं. त्याने पात्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून कितीतरी वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला. त्या बांधलेल्याच होत्या.

आता ती सहा वर्षांची आहे. बिल्डिंगजवळच्याच शाळेत जाते. वर्गात तिच्यासाठी एक शांत कोपरा आहे, आणि टीचरना काय सांगायचं ते आम्हाला आता नीट येतं. ऑटिझम गेलेला नाही, तो जायचा नसतोच. मधल्या सुट्टीचा गोंगाट तिला अजून सोसत नाही. मैत्रीण कशी करायची हे तिला पाढ्यासारखं शिकावं लागतं. पण एक मैत्रीण आहे, तिलाही ट्रक आवडतात. बाबूचं तोंड आता बंदच होत नाही. बहीण म्हणते, याला गप्प करायचा डॉक्टर कुठे मिळतो ते शोध.

गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या माहेरून फणसपोळी आली. दुपारी डबा उघडला तर अर्धी गायब. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "कुणी खाल्लीन?"

माझी मुलगी समोर उभी होती. हनुवटी चिकट, फ्रॉकवर पिवळे डाग. माझी मुलगी खोटं बोलत नाही, बोलूच शकत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. विचारलं की ती जसंच्या तसं सांगते, पाहुण्यांसमोर माझं वजनही. तिने आजीकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. विचार केला, तो विचार चाललेला चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"बाबूने," ती म्हणाली.

बाबू तर सकाळपासून शाळेत होता.

सासूबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. म्हणजे हिला कळलंय! आपल्या डोक्यात जे आहे ते समोरच्याच्या डोक्यात नसतं, आणि त्याला वेगळंच सांगितलं तर तो ते खरं मानू शकतो, हे तिचं तिला कळलंय. जगातली सगळी पोरं जे करतात आणि ज्यासाठी मार खातात, ते तिने केलंय! मला तिला उचलून गरगर फिरवावंसं वाटत होतं. पण आई म्हणून मी कडक आवाज काढला, "खोटं बोलायचं नाही हं," आणि तोंड लपवायला आत पळाले.

स्वयंपाकघरात उभी राहून ओढणीत तोंड खुपसून हसले. मागून सासूबाई आल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे गदगदत होते.

"कसं शिताफीनं सांगितलंन गो," त्या कुजबुजल्या. "बाबूवर ढकललंन!"

बाहेरून झाकण उघडल्याचा आवाज आला. उरलेली फणसपोळीही चालली होती. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.